अठ्ठेचाळीस की छप्पन्न? बंदरावरच्या पावत्यांच्या फाइलचा घोळ

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीत लिलावाच्या पावत्या सी भाषेत लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमवर निघत. होडी बंदराला लागली, माल उतरला, बोली झाली की हिशेबनीस होडीचे नाव, वजन, क्रेट आणि किलोचा दर टाइप करी. प्रोग्रॅम कागदी पावती छापी आणि तीच नोंद डिस्कवरच्या फाइलच्या शेवटी जोडी. नाखव्याचा हिशेब, खलाशांचे वाटे, डिझेल-बर्फाची वजावट सगळे याच फाइलमधून निघे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि संगणक गेला. खाऱ्या हवेने त्याच्या मदरबोर्डावर आधीच हिरवट गंज चढला होता, विजेने फक्त शेवटचा धक्का दिला. डिस्क मात्र शाबूत होती. जुने यंत्र ३२ बिट लिनक्सवर चाले, नव्यावर ६४ बिट लिनक्स बसवले. सोर्स फाइल (प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर) नेली, पुन्हा कंपाइल केली, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवली. कंपायलरने एकही इशारा दिला नाही. हंगामाची फाइल शेजारी ठेवली, अहवाल काढला आणि पडद्यावर कचरा आला.

तो कचरा नीट पाहण्यासारखा होता. फाइलमध्ये १,३४४ पावत्या होत्या, प्रोग्रॅमने मोजल्या १,१५२. पहिल्या ओळीत होडीचा प्रकार, पावती क्रमांक आणि नाव अचूक होते. पण वजन ५६२९४९९५३४२१३१३४.० किलो, क्रेट ८४, दर ०.०० आणि तारखेच्या जागी नुसती रेघ. दुसऱ्या ओळीत पावती क्रमांक १६३४१६९४६१ आणि होडीचे नाव कोरे. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी अशीच. सातव्या ओळीत मात्र प्रकार, क्रमांक आणि नाव पुन्हा बरोबर, तेराव्या ओळीतही तसेच. या ओळींवरचे पावती क्रमांक होते १, ८, १५.

दर सहा ओळींनी एक ओळ अर्धी बरी दिसत असेल, तर डिस्क खराब नाही. खराब डिस्क इतकी शिस्तीत खराब होत नाही.

तर्क, जे फसले

पहिला संशय डिस्कवरच गेला आणि फाइल दुसऱ्यांदा उतरवून घेण्यात एक दिवस गेला. मग ओळखीच्या एका विद्यार्थ्याने तोच सोर्स आपल्या ६४ बिट विंडोज लॅपटॉपवर कंपाइल केला, तर सगळ्या १,३४४ पावत्या जशाच्या तशा दिसल्या. झाले, नवा संगणक सदोष ठरला आणि तो परत करण्याची भाषा सुरू झाली. त्याच विद्यार्थ्याने कुठे तरी वाचून स्ट्रक्चरच्या (एका नोंदीतल्या सगळ्या रकान्यांच्या आराखड्याच्या) डोक्यावर पॅक करण्याची प्रॅग्मा ओळ, म्हणजे रकान्यांमध्ये रिकामी जागा सोडू नको अशी कंपायलरला सूचना, हीही घालून पाहिली. तेव्हा लिनक्सवर नोंदी १,४३३ झाल्या, शेवटी २७ बाइट उरले आणि वाचण्यासारखे जवळपास काहीच राहिले नाही.

हे तिन्ही निकाल एकाच कारणाने येतात. ते कारण नोंदीच्या स्ट्रक्चरच्या घोषणेत आहे.

घोषणा आणि तिची मांडणी

नोंदीची घोषणा अशी होती. प्रत्यक्ष फाइलमध्ये सगळे शब्द रोमन लिपीत आहेत, इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत ('चार' म्हणजे इथे आकडा नव्हे, अक्षराचा प्रकार; इंट, लाँग, शॉर्ट हे पूर्णांक; डबल, फ्लोट हे दशांश आकडे):

स्ट्रक्ट उतार {
  चार प्रकार;
  इंट पावती;
  चार नाव[१८];
  लाँग वेळ;
  डबल वजन;
  शॉर्ट क्रेट;
  फ्लोट दर;
};

शेवटच्या महिरपी कंसानंतरचा अर्धविराम इथे होता, हे बरे. हेडर फाइलमध्ये तो लिहायचा राहून गेला की कंपायलर चूक दाखवतो ती पुढच्या ओळीवर, कधी कधी पुढच्याच फाइलमध्ये, आणि नवखा माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

घोषणेने जागा अडत नाही. ती फक्त आराखडा सांगते. जागा अडते ती 'स्ट्रक्ट उतार न;' असे लिहून चल तयार केला तेव्हा. किती जागा? भाषेचे प्रमाणक दोनच गोष्टींची हमी देते. मेंबर, म्हणजे स्ट्रक्चरमधले रकाने, घोषणेच्या क्रमानेच बसतील, आणि पहिल्या मेंबरच्या आधी रिकामी जागा नसेल. मधल्या आणि शेवटच्या रिकाम्या जागेबद्दल ते कंपायलरला मोकळीक देते. ही रिकामी जागा म्हणजे पॅडिंग.

पॅडिंग लागते ते प्रोसेसरच्या सोयीसाठी. चार बाइटांचा पूर्णांक चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असला की तो एका झटक्यात उचलता येतो. होडीच्या खणात क्रेट फळीला टेकवूनच लावतात, मध्ये चार बोटे फट राहिली तरी चालते; आडवातिडवा लावला तर काढताना सगळ्यांचाच वेळ जातो. कंपायलर तेच करतो. प्रत्येक प्रकाराची एक अलाइनमेंट असते, मेंबर त्या पटीच्या अंतरावर बसतो आणि अख्ख्या स्ट्रक्चरचे माप सर्वांत मोठ्या अलाइनमेंटच्या पटीत वाढवले जाते, म्हणजे ॲरेमधले पुढचे स्ट्रक्चरही सरळ बसते.

जुन्या ३२ बिट लिनक्सवर मांडणी अशी पडली: प्रकार ० वर, मग ३ बाइट रिकामे; पावती ४ वर; नाव ८ ते २५; २ बाइट रिकामे; वेळ २८ वर, कारण तिथे लाँग ४ बाइटांचा; वजन ३२ वर; क्रेट ४० वर; २ बाइट रिकामे; दर ४४ वर. एकूण ४८ बाइट, त्यांत माहिती ४१ आणि हवा ७.

नव्या ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटांचा असतो आणि त्याची अलाइनमेंटही ८. पहिले तीन मेंबर जागच्या जागी राहिले. पण वेळ २८ वरून ३२ वर गेली, आणि तिने पुढची सगळी रांग ढकलली: वजन ४०, क्रेट ४८, दर ५२. एकूण ५६ बाइट, त्यांत माहिती ४५, हवा ११.

६४ बिट विंडोजवर मात्र लाँग चारच बाइटांचा असतो, म्हणून तिथे पुन्हा ४८ आणि तेही त्याच जागांवर. लॅपटॉपवर फाइल बरोबर उघडली ती एवढ्यामुळेच. पॅक केलेले स्ट्रक्चर ४५ बाइटांचे झाले, म्हणजे एक तिसरेच माप. जुन्या फाइलमध्ये पॅडिंग बसलेलेच आहे; वाचणाऱ्याने ते नाकारून काय उपयोग?

कचऱ्याचा अर्थ लावताना

फाइलचे माप ६४,५१२ बाइट. त्याला ४८ ने भागले तर १,३४४, ५६ ने भागले तर बरोबर १,१५२, बाकी शून्य. पावत्यांची संख्या ७ च्या पटीत होती, म्हणून हा योग आला आणि 'शेवटची नोंद अर्धवट' हा नेहमीचा इशारा मिळालाच नाही. ४८ आणि ५६ यांचा लसावि ३३६. म्हणजे जुन्या ७ नोंदी संपतात तिथेच नव्या मापाच्या ६ नोंदी संपतात. सातवी ओळ आठव्या पावतीशी नेमकी जुळते ती याचमुळे.

पहिल्या ओळीत पहिले तीन मेंबर बरोबर आले, कारण २५ व्या बाइटपर्यंत दोन्ही मांडण्या एकच आहेत. वजन वाचले गेले ४० ते ४७ या बाइटांतून. तिथे जुन्या नोंदीचे क्रेट १४, दोन शून्य बाइट आणि दर १८०.०० होता. १८० चे फ्लोट रूप डबलच्या वरच्या अर्ध्या भागात पडले की आकडा होतो ५६२९४९९५३४२१३१२०, आणि खालच्या अर्ध्यातले १४ त्यात मिळवले की शेवट १३४ होतो. वजनाच्या शेपटीत क्रेटची संख्या बसली होती! क्रेटच्या जागी आलेले ८४ म्हणजे पुढच्या नोंदीतला 'टी' हे अक्षर, ट्रॉलरची खूण. त्याचा आस्की क्रमांक ८४. दराच्या जागी पुढच्या पावतीचा छोटा पूर्णांक फ्लोट म्हणून वाचला गेला. तो इतका सूक्ष्म निघतो की दोन दशांश छापताना शून्यच दिसतो. वेळेच्या जागी वजनाचे डबल आले. ते सेकंद म्हणून धरले तर साल इतके मोठे होते की ते पूर्णांकात मावत नाही. लोकलटाइम फंक्शन अशा वेळी नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत करते आणि प्रोग्रॅम नलला रेघ छापतो. ही तपासणी तरी कुणीतरी घालून ठेवली होती, नाहीतर प्रोग्रॅम तिथेच कोसळला असता.

दुसरी ओळ ५६ व्या बाइटपासून सुरू झाली. जुन्या फाइलमध्ये तिथे दुसऱ्या नोंदीतल्या होडीचे नाव सुरू होते. होडी होती 'जलदुर्गा', रोमन स्पेलिंगमध्ये आठ अक्षरे. पावतीच्या चार बाइटांवर त्यातली पाचवी ते आठवी अक्षरे आली: यू, आर, जी, ए. १६३४१६९४६१ हा आकडा हेक्समध्ये (१६ च्या पायावर) लिहिला की ६१६७७२७५ होतो. लिटल एंडियन यंत्रावर लहान टोक आधी येते, म्हणून उलट्या बाजूने वाचा: ७५ यू, ७२ आर, ६७ जी, ६१ ए. नवव्या जागेवर नाव संपल्याची शून्य खूण होती, म्हणून पुढचे 'नाव' कोरे.

पूर्णांकाच्या जागी दीड-दोन अब्जांचा आकडा दिसला की आधी हेक्समध्ये उलगडून पाहावा. फार वेळा त्यात मजकूर बसलेला असतो.

पक्का पुरावा फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्सडंपने दिला. होड्यांची नावे ८, ५६, १०४, १५२ या बाइटांवर सुरू होत होती. दोन नावांत ४८ चे अंतर. फाइल निरोगी होती. चष्मा बदलला होता.

त्या संध्याकाळचा इलाज

लिलाव थांबवता येत नव्हता, म्हणून आधी एका शब्दाचा बदल केला: 'लाँग वेळ' ऐवजी 'इंट३२_टी वेळ'. हा ठरावीक रुंदीचा प्रकार १९९९ च्या प्रमाणकाने एसटीडीइंट हेडरमध्ये आणला. तो कुठल्याही यंत्रावर ३२ बिटांचाच असतो. एवढ्याने वेळ पुन्हा २८ वर, वजन ३२ वर आणि एकूण माप ४८. सोबत २०११ च्या प्रमाणकातली स्टॅटिक असर्टची एक ओळ घातली: साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्चरचे माप, ४८ नसेल तर कंपाइलच होऊ नये. ही ओळ आधीपासून असती तर नव्या यंत्रावर प्रोग्रॅम तयारच झाला नसता, आणि मधले चार दिवस वाचले असते.

साइझऑफ एकटा मात्र पुरत नाही. माप तेच राहून आतली जागा बदलू शकते. म्हणून मेंबर कितव्या बाइटवर आहे ते सांगणारे ऑफसेटऑफ वापरून वेळ २८ वर, वजन ३२ वर आणि दर ४४ वर आहे, याच्याही तीन ओळी घातल्या. मांडणी डोळ्यांनी पाहायची असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) पीटाइप आज्ञेला स्लॅश ओ जोडावे. ते प्रत्येक मेंबरची जागा आणि भोके दाखवते. जीसीसी या कंपायलरला डब्ल्यू-पॅडेड हा पर्याय दिला तर कंपाइल करतानाच पॅडिंगचा इशारा मिळतो, पण निरुपद्रवी पॅडिंगवरूनही तो इतकी बडबड करतो की रोज लावून ठेवण्यासारखा नाही.

एकाच होडीच्या चुकीच्या वेळा

फाइल वाचता आल्यावर कागदी पावतीपुस्तकाशी ताळा घेतला: पहिल्या २०, शेवटच्या २० आणि मधल्या एका दिवसाच्या सगळ्या पावत्या. रकमा जुळल्या. पण 'श्री महालक्ष्मी प्रसाद' या होडीच्या वेळा जुळेनात. लिलाव संध्याकाळचा, फाइलमध्ये वेळ पहाटेची; क्वचित आदल्या रात्रीची. ही चूक जुन्या यंत्रावरचीच होती आणि हंगामभर कुणाला दिसली नव्हती, कारण रोजच्या अहवालात तारीख छापत, तास नाही.

नावासाठी १८ बाइट, म्हणजे १७ अक्षरे आणि शेवटचे शून्य. या होडीच्या नावाचे रोमन स्पेलिंग मोकळ्या जागांसह २१ अक्षरांचे. नाव स्ट्रकॉपीने भरले जाई आणि ते फंक्शन डबा केवढा आहे हे विचारत नाही. नाव ८ व्या बाइटपासून सुरू झाले, शेवटचे 'डी' अक्षर २८ वर आणि शून्य २९ वर पडले. वेळ आधीच भरलेली होती. तिचे खालचे दोन बाइट पुसले गेले आणि तिथे १०० हा आकडा बसला. दोन बाइटांत ६५,५३६ सेकंद मावतात, म्हणजे १८ तास १२ मिनिटे १६ सेकंद. वेळ मागे सरकली ती एवढ्या मर्यादेत.

यात सगळ्यात फसवे पॅडिंग ठरले. १८ किंवा १९ अक्षरांचे नाव असते तर शून्य २६ किंवा २७ वर, रिकाम्या बाइटात पडले असते आणि काहीच बिघडले नसते. २० अक्षरांना वेळ फार तर २५५ सेकंदांनी चुकली असती. आणि छापताना नाव पूर्ण दिसे, कारण छापणारे फंक्शनही शून्य सापडेपर्यंत पुढे वाचत जाते. तीन अक्षरे जास्त झाली तरी चालते असा अनुभव आल्यामुळे कुणी १८ चा आकडा मनावर घेतला नाही. प्रमाणकाच्या दृष्टीने मात्र नावाचा एकोणिसावा बाइट पडला त्याच क्षणी प्रोग्रॅमच्या वागण्याची हमी संपली होती.

गेलेले दोन बाइट परत येत नाहीत. पण वरचे दोन बाइट शाबूत असल्याने खरी वेळ त्या १८ तासांच्या खिडकीत आहे हे नक्की, आणि पावती क्रमांक ओळीने असल्यामुळे आधीच्या व नंतरच्या पावतीची वेळ तिला आणखी आवळते. जिथे शेजारची पावतीही याच होडीची होती, तिथे कागद पाहून हाताने वेळ भरली.

बंदीच्या दोन महिन्यांत

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली, पावत्या नाहीत. या ६१ दिवसांत नोंदीचे स्ट्रक्चर नव्याने मांडले:

स्ट्रक्ट उतार२ {
  इंट६४_टी वेळ;
  इंट३२_टी पावती;
  इंट३२_टी ग्रॅम;
  इंट३२_टी दर_पैसे;
  इंट१६_टी क्रेट;
  चार प्रकार;
  चार नाव[२५];
};

मोठे मेंबर आधी, लहान नंतर. ८, ४, ४, ४, २, १ आणि २५ मिळून ४८. मध्ये एकही रिकामा बाइट नाही. वेळ ६४ बिटांची केली, कारण ३२ बिटांची वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते.

वजन ग्रॅममध्ये आणि दर पैशांत, दोन्ही पूर्णांक. फ्लोटमध्ये पैसे ठेवणे हा जुन्या प्रोग्रॅमचा आणखी एक दोष होता. फ्लोटला २४ बिटांची अचूकता असते. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे शेजारच्या दोन फ्लोट आकड्यांत दीड पैशाहून जास्त अंतर पडते. एका पावतीवर ते कळत नाही, हंगामाच्या बेरजेत कळते, आणि वाट्यावर बसलेले दहा खलाशी तेवढेच पकडतात.

पूर्णांकाला स्वतःचा सापळा आहे. २५०.५ किलो म्हणजे २,५०,५०० ग्रॅम, दर १८० रुपये म्हणजे १८,००० पैसे. गुणाकार ४५०,९०,००,००० होतो, आणि ३२ बिट पूर्णांकाची कमाल २१४,७४,८३,६४७. उत्तर ६४ बिट चलात ठेवले तरी उपयोग नाही, कारण गुणाकार आधीच ३२ बिटांत होऊन बसतो. गुणाकाराच्या आधी एका बाजूला इंट६४_टी चा कास्ट (प्रकार बदलण्याची सूचना) हवा. मग १,००० ने भागून ४५,०९,००० पैसे, म्हणजे ४५,०९० रुपये.

नवे स्ट्रक्चरही ४८ बाइटांचेच निघाले, आणि ही गोष्ट धोक्याची आहे. जुनी फाइल चुकून नव्या प्रोग्रॅमला दिली तर संख्या बरोबर १,३४४ येईल आणि आत सगळे चुकीचे. म्हणून फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटांचे वेगळे हेडर स्ट्रक्चर ठेवले: चार अक्षरांची खूण, आवृत्ती २, नोंदीचे माप ४८ आणि नोंदींची संख्या. खूण जुळली नाही तर प्रोग्रॅम फाइल उघडायलाच नकार देतो. आवृत्तीच्या जागी ३३५५४४३२ दिसले तर ते २ च आहे, पण बाइट उलट क्रमाच्या यंत्रावरून आले आहेत.

होडीच्या नावासाठी 'चार *नाव' असा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) ठेवावा, म्हणजे लांबीची कटकटच नको, अशी सूचना आली होती. मेमरीत हे ठीक आहे. फाइलमध्ये मात्र लिहिणारे एफराइट फंक्शन त्या नावाऐवजी नावाचा पत्ता लिहील, आणि दुसऱ्या दिवशी त्या पत्त्यावर काय असेल याचा भरवसा नाही. जे डिस्कवर जायचे त्या स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर नको. नाव भरण्यासाठी आता दिलेल्या मापापुरतेच लिहिणारे एसएनप्रिंटएफ वापरले, मापासाठी साइझऑफ दिले, आणि परत आलेली लांबी २५ किंवा जास्त असेल तर पावती अडवून हिशेबनिसाला नाव आखूड करायला सांगितले. गुपचूप कापलेले नाव दोन 'श्री महालक्ष्मी'ना एक करून टाकते.

रूपांतराचा प्रोग्रॅम साठ-सत्तर ओळींचा. जुने स्ट्रक्चर एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला, एफरीडने एकेक नोंद वाचायची, मेंबर मेंबर करून उतरवायचे. वाचणे थांबवताना फाइल संपली का असे आधी विचारू नये. एफरीडने १ परत दिला तरच नोंद खरी, नाहीतर शेवटची पावती दोनदा येते. किलोचे ग्रॅम करताना १,००० ने गुणून नुसता इंटचा कास्ट केला तर १.००५ सारख्या वजनात एक ग्रॅम गळू शकतो. म्हणून जवळच्या पूर्णांकात नेणारे एलराउंड वापरले.

जाता जाता सापडलेल्या दोन गोष्टी

लिलावानंतर दराचा वाद झाला की दर दुरुस्त करण्याची सोय मेनूत होती, पण ती कधीच चालत नसे. हिशेबनीस पावती रद्द करून नवी काढी. फंक्शनला स्ट्रक्चर मूल्याने दिले होते, म्हणजे ४८ बाइटांची प्रत आत गेली, प्रतीतला दर बदलला आणि फंक्शन संपताच प्रत विरली. पत्ता द्यायला हवा: घेताना 'स्ट्रक्ट उतार२ *न', बोलावताना चलापुढे अँड चिन्ह, आणि आत टिंबाऐवजी बाण. टिंबच ठेवायचे असेल तर '(*न).दर_पैसे' असा कंस लागतो, कारण टिंबाची पकड ताऱ्यापेक्षा घट्ट असते. फक्त वाचणाऱ्या फंक्शनांना पॉइंटरपुढे कॉन्स्ट लावला.

दुसरी गोष्ट दुबार पावतीची. दोन नोंदी सारख्या आहेत का हे बाइटाशी बाइट ताडून पाहणाऱ्या मेमकंपने तपासले जाई आणि डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या नोंदी तो वेगळ्या म्हणे. सीमध्ये एक स्ट्रक्चर दुसऱ्याला बरोबर चिन्हाने सरळ देता येते, पण दोन बरोबर चिन्हांनी तुलना करता येत नाही. मेमकंप तुलना करतो ती पॅडिंगसकट, आणि स्थानिक चलाच्या पॅडिंगमध्ये आधीचा कुठलाही कचरा असू शकतो. नावाच्या शून्यानंतरच्या बाइटांचेही तेच. नव्या स्ट्रक्चरमध्ये पॅडिंग उरले नाही, नावाची शेपटी मात्र आहेच. म्हणून आता पावती, वेळ, ग्रॅम, दर यांची एकेक तुलना होते आणि नावासाठी स्ट्रकंप.

एक प्रश्न पुढच्या आवृत्तीवर ढकलला आहे. नावे देवनागरीत हवीत, ही नाखव्यांची मागणी जुनी आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, उकार, हलंत ही वेगळी चिन्हे धरली जातात. 'जलदुर्गा' ८ चिन्हांचे, २४ बाइटांचे. शून्यासह २५, अगदी काठोकाठ. 'महालक्ष्मी' एकट्याचे १० चिन्हांचे ३० बाइट होतात. ते २४ वर कापले तर 'महालक्ष्' एवढे उरते आणि 'मी' जाते. आणि कापणे तीनच्या पटीत नसेल तर शेवटी चौकोनी ठोकळा दिसतो. नावाचा डबा वाढवण्यापेक्षा होड्यांचे वेगळे स्ट्रक्चर आणि वेगळी फाइल करावी, त्यात नोंदणी क्रमांक आणि ९६ बाइटांचे नाव, आणि पावतीत होडीचा फक्त चार बाइटांचा अनुक्रमांक, असे ठरते आहे. तेव्हा आवृत्ती ३ होईल, माप बदलेल आणि हेडर त्याची दखल घेईल. मूळ ६४,५१२ बाइटांची फाइल तोवर दोन पेन ड्राइव्हांवर, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत, एक कार्यालयात आणि एक बंदरापासून लांब घाटीवरच्या घरी ठेवली आहे.